दहा बोटांचा चंद्रभान

३ जून १९३५. सत्तेचाळीस रुपये आठ आणे. अकोल्याच्या आमच्या लाकूड कारखान्यात इंजिनावर चालणारा नवा गोल आरा आला, तेव्हा त्यावरचा लोखंडी टोप आणि पात्यामागची पोलादी पट्टी यांची ही वेगळी किंमत होती. टोपामुळे हात पात्याला लागत नाही. पट्टीमुळे चिरलेलं लाकूड पात्यात आवळून मागे उसळत नाही. मालक किसनराव या दोन्हींना तयार नव्हते. मी नुकताच कॉमर्स शिकून हिशेबाला बसलो होतो. मलाही तो खर्च वायफळ वाटला.

आरा चालवणारा चंद्रभान मात्र अडून बसला. त्याच्या आधीच्या जानरावांची दोन बोटं जुन्या आऱ्यानं नेली होती, आणि ते ती खूण मिरवीत. किसनरावांनी चारचौघांत विचारलं, "काहून बे चंद्रभान, लाकूड कापाले येतं का बोटं मोजाले?"

"दोनी कामं करतो, मालक. पैसे माह्या पगारातून कापा."

पगार बावीस रुपये. पहिल्या महिन्यात साडेतीन, पुढे दरमहा चार कापायचे ठरले. लोक हसले. त्याची बायको मैनाबाई त्या महिन्यापासून भाजीची टोपली घेऊन जुन्या शहरात बसू लागली.

खंडेनवमीला आऱ्याची पूजा झाली. पात्याला हळदकुंकू लागावं म्हणून टोप आणि पट्टी काढली होती. बोल्ट कुणीतरी पूजेच्या ताटात ठेवले, आणि ताट प्रसादासकट मालकांच्या घरी गेलं. दसऱ्यानंतर कामाला उभे राहिलो तर बोल्ट नाहीत. बाहेर सागवानाच्या सात गाड्या खोळंबलेल्या. चंद्रभान आऱ्यापाशी नुसता बसून राहिला. ताट आणायला घरी माणूस पाठवण्याइतकाही वेळ किसनरावांना घालवायचा नव्हता; ते ओरडून थकले, शेवटी म्हणाले, उद्यापासून येऊ नको. तरी तो उठला नाही.

मग जानराव पुढे झाले. तिसऱ्याच ओंडक्यात गाठ लागली, लाकूड पात्यात आवळलं आणि उसळून मागे आलं. किसनरावांच्या डोक्यावरची टोपी उडवून ते भिंतीवर आदळलं. विटेचा टवका निघाला. चंद्रभाननं धावत जाऊन इंजिन बंद केलं.

किसनराव टोपी न उचलता घरी गेले आणि स्वतः ताट घेऊन परत आले. बोल्टांना कुंकू लागलेलं होतं. चंद्रभाननं ते तसेच आवळले आणि पहिली गाडी आत घ्यायला सांगितली.

"याचे कापलेले पैसे वापस करा," किसनराव मला म्हणाले. "बाकीचे माह्या नावावर टाका."

त्यानंतर एकवीस वर्षं चंद्रभान त्या आऱ्यावर होता. त्याच्या हाताखाली नऊ जण शिकले. एकाचंही नख गेलं नाही. निरोपाच्या दिवशी त्यानं हार घ्यायला दोन्ही हात पुढे केले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी आधी बोटंच पाहिली. आता माझीही निवृत्ती जवळ आली आहे. आमच्या कारखान्यात असा माणूस होता, हे मी अभिमानानं सांगतो.

किसनरावांनी पैसे परत करायला सांगितले त्या दिवशी त्याला पंधरा रुपये आठ आणे द्यायचे होते. पेटीत सुटे नव्हते, म्हणून पंधरा दिले. आठ आणे अजून द्यायचे आहेत.