माझ्या खोलीतली सिस्टर

अक्कलकोटच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. अव्वानं, माझ्या आईनं, माझ्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कोंबली आणि एकच विचारलं, "तितं तरी कायम करतील की न्हाय तुला?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग जा." गाडी हलायच्या आत ती पाठ फिरवून चालू लागली.

आमचं गाव मैंदर्गीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथल्याच सरकारी उपकेंद्रात मी कंत्राटी नर्स होते. दर वर्षी नवी ऑर्डर, आणि ती हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. माझ्या नर्स मैत्रिणींनो, तुम्हीही अशाच गेलात, कुणी पुण्याला, कुणी मस्कतला. मी पुण्याहून पुढं जर्मनीला आले. स्टेशनवर हॉस्पिटलची बाई न्यायला आली होती. खोली तयार होती, भाषेचा क्लास ठरलेला होता. पलंगावर बसले आणि मला रडू आलं. घरच्या आठवणीनं नव्हे. एवढंच तर हवं होतं, असं वाटून.

गावात माझ्या जागी बरेच दिवस कुणी आलं नाही. बीपीच्या गोळ्यांसाठी अव्वा जीपनं अक्कलकोट गाठायची. मग गोंदियाची सुषमा आली. क्वार्टरच्या दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, आणि म्हाताऱ्या बायका बोलणार कन्नड. थोड्याच दिवसांत तिनं बॅग भरली. अव्वाला कळलं तशी ती क्वार्टरवर गेली, बॅग स्वतः उचलली आणि तिला घरी घेऊन आली. व्हिडिओ कॉलवर मला म्हणाली, "तुझी खोली तिला दिली बघ."

तिच्या मागं माझा पलंग दिसतो का, ते मी बघितलं. "बरं केलंस," मी म्हणाले.

यंदा सुट्टीत गेले तेव्हा मी बाहेरच्या सोप्यात झोपले. सकाळी दारात एक बाई आली. "सिस्टर अदारेन्री?" सिस्टर आहेत का, म्हणून विचारत होती. मी सवयीनं उठले. तिची नजर माझ्या पलीकडं, सुषमाकडं होती. सुषमानं गोंदियाच्या हेलातल्या कन्नडमध्ये तिला बसायला सांगितलं.

दुपारी जेवताना सुषमानं हळूच विचारलं, "ताई, जर्मनीला जायला काय काय लागते?"

भाकरी थापणारा अव्वाचा हात थांबला. मी खरं ते सगळं सांगितलं. लपवणार तरी कसं? सुषमाची ऑर्डरही वर्षाचीच आहे. अव्वानं सुषमाच्या ताटात आणखी भात वाढला. तिला भाकरी जात नाही म्हणून आमच्याकडं आता रोज भात शिजतो. नंतर भांडी घासताना मात्र मला म्हणाली, "आमी खोली देऊ, जेवायला घालू. ऑर्डर कुटून आणू?"

इथं जर्मनीत कुणी घराबद्दल विचारलं की मला ती खोली आठवते. तिच्यात मी नसले तरी चालेल, पण सिस्टर राहत असावी, एवढं वाटतं. म्हणून फोन लागला की मी आधी सुषमाचंच विचारते.

"हाय की," अव्वा म्हणते. "आज तरी हाय."