डोक्याचं इन्स्पेक्शन

चेन्नईला तेव्हा मद्रासच म्हणत. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पंपांची ओतीव कवचं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी तपासनीस होतो. कवचाची एक्स-रे फिल्म उजेडासमोर धरायची आणि आत ठिपका दिसला की कवचावर लाल खडूनं फुली मारायची, एवढंच काम. अशा कामानं माणूस शेफारतो.

एका उन्हाळ्यात माझ्या डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. कॉफीचा पेला हातात आहे की नाही, हे बघून ठरवावं लागे. डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढायला सांगितलं. फिल्म संध्याकाळी मिळाली, डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होते. पण हातात आलेली फिल्म न तपासता ठेवणं मला कधी जमलेलंच नाही.

खिडकीच्या काचेला लावून बघितली. मधोमध पांढरा ठिपका. ओतकामात पांढरा ठिपका म्हणजे धातूत अडकलेली परकी, जड वस्तू.

"काय दिसतंय?" बायकोनं विचारलं.

"बाद."

"कोण?"

"मी."

"अहो, ते डोकं आहे, पंप नव्हे," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं रस्समात दोनदा मीठ घातलं आणि मी ते मुकाट्यानं प्यालो. म्हणजे दोघंही घाबरलो होतो.

सासूबाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या. पत्रिका असो की लग्नाचं आमंत्रण, महत्त्वाच्या कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळद लावल्याशिवाय त्या तो घराबाहेर जाऊ देत नसत. सकाळी बघतो तर फिल्मचे चारही कोपरे पिवळे.

"आई, ही पत्रिका नाही हो."

"डोक्यात काय आहे ते लिहिलंय ना यात? मग पत्रिकाच. ठिपक्याला हात लावला नाही मी, काळजी नको."

डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर चढवली, कोपरे पाहिले आणि शांतपणे विचारलं, "मुलगी कुठली?"

मी ठिपक्यावर बोट ठेवलं. "डिफेक्ट हा."

"हा? हे कॅल्शियम. पुष्कळांच्या डोक्यात असतं. माझ्याही असेल."

"आणि तुम्ही चालवून घेता?"

"घेतो."

"मग मुंग्या कशानं येतात?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ठाऊक नाही. ज्याची भीती होती, ते यात दिसत नाही, एवढं सांगतो. बाकी लक्ष ठेवू."

आमच्या कारखान्यात असं उत्तर देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवलं असतं. सोबत आलेल्या बायकोनं मात्र पदरानं डोळे टिपले. रिक्षात बसल्यावर तिला राग आला. "एवढं मोठं मशीन, आणि तुमच्या डोक्यात काहीच सापडलं नाही?" घरी सासूबाई म्हणाल्या की ही हळद नेहमीच्या दुकानातलीच आहे, तरी गुण आला.

मुंग्या तशाच राहिल्या. सोमवारी कारखान्यात पहिलीच फिल्म उजेडासमोर धरली. मधोमध पांढरा ठिपका. डाव्या हातात खडू घेऊन मी इतका वेळ उभा राहिलो की फोरमन जवळ आला. "काय सार, बाद ना?"

असेल बिचाऱ्याला, पुष्कळांना असतो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मग खडू उजव्या हातात घेतला आणि फुली मारली. त्या पंपाला वर्षानुवर्षं पाण्याचा दाब सोसायचा होता. मला काय, फक्त त्याच्यावर फुली मारायची होती.