सात आणि सात सोळा

रसायनशास्त्र समजावून सांगून माणसाला कायमचं गोंधळात टाकण्याची जी विद्या आमच्या मावसाजींना साधली होती, ती उभ्या नागपुरात दुसऱ्या कुणाला साधली असेल असं मला वाटत नाही. मावसाजी म्हणजे मावशीचे यजमान. लकडगंजात लाकडाच्या टालावर मोजमापाला असायचे. पण इंटर सायन्स अर्धवट सुटलं होतं आणि त्यातला सहसंयुज बंध, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉन भागीत वापरणं, तेवढा डोक्यात अडकून राहिला होता. नंदनवनात आमचं आणि त्यांचं घर समोरासमोर. मी आईबाबांचा एकुलता एक, आणि मावशीकडे पाळणा हललाच नाही. त्यामुळे मी जेवायचो कुठे आणि झोपायचो कुठे याचा दोन्ही घरांत कुणी हिशेब ठेवला नव्हता.

संध्याकाळी टालावरून आले की मावसाजी ओसरीवर खडूने दोन वर्तुळं काढत, प्रत्येकाभोवती इलेक्ट्रॉन म्हणून सात-सात फुटाणे मांडत आणि म्हणत, "हे दोन क्लोरीन. दोघायलेही आठ पायजेत. आता काय करतीन?" मी म्हणायचो, एकाने दुसऱ्याचा घ्यावा. की मावसाजी भडकलेच. "अबे, ते मीठ! सोडियम देऊन टाकते, क्लोरीन घेऊन टाकते. तो सौदा झाला. ही सोयरीक हाय गा!" मग दोघांचा एकेक फुटाणा मधोमध ठेवायचा आणि ती जोडी दोघांनीही आपली म्हणून मोजायची. इकडून आठ, तिकडून आठ. एवढं होईपर्यंत बोलण्याच्या भरात त्यांनी दोन-तीन फुटाणे तोंडात टाकलेले असत, आणि उरलेल्यांत कोणाचे किती हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

हा सिद्धांत ते घरातही चालवत. शेजाऱ्याबरोबर त्यांनी एकच वर्तमानपत्र लावलं होतं. कुंपणाच्या अलीकडे मावसाजी, पलीकडे शेजारी, मधे ताणलेला पेपर, आणि दोघंही त्याला 'माझा पेपर' म्हणत. पान उलटायच्या वेळी रोज भांडण व्हायचं ते वेगळं. शाळेत सरांनी मला विचारलं, "क्लोरीनच्या रेणूत बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन एकूण किती?" मी छाती काढून सांगितलं, "सोळा." तासभर बाकावर उभा राहिलो. घरी येऊन तणतणलो, तर मावसाजी शांतपणे म्हणाले, "सर मोजून राहिले बाबू. क्लोरीन जगून राहिलं." यावर काय बोलणार, कप्पाळ!

त्याच वर्षी हिवाळ्याच्या शेवटी जनगणनेचे गुरुजी गल्लीत आले. आमच्या घरून ते मावसाजींकडे गेले. मी तिथेच ओसरीवर बसलो होतो.

"घरात माणसं किती?"

"तीन."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "हा मुलगा तर मी आत्ताच समोर लिहून आलो."

"मंग काहून घाबरता? तिथंही लिवा, इथंही लिवा." मावसाजी फुटाण्यांचा डबा घेऊन आले आणि क्लोरीन मांडू लागले. गुरुजी बिचारे कधी फुटाण्यांकडे पाहत, कधी माझ्याकडे. शेवटी म्हणाले, "काका, सरकार एका माणसाला एकदाच मोजतं. तुमचं स्वतःचं मूलबाळ किती, ते सांगा."

मावसाजींनी हातातला फुटाणा परत डब्यात टाकला. आतून मावशी दारात आली. "दोनच लिवा गुरुजी," ती म्हणाली. "ह्यायचं काही आयकू नका."

गुरुजी दोन लिहून गेले. मावसाजी फुटाणे गोळा न करताच भिंतीला टेकून बसले. मला फार वाईट वाटलं. मी समोर बसून म्हणालो, "मावसाजी, मले अजून समजलं नाई. पुन्हा सांगा." त्यांनी खडू उचलला. त्या दिवशी त्यांनी एकही फुटाणा खाल्ला नाही, आणि तरीही मला काही समजलं नाही.

मावसाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. घाटावर सगळी तयारी झाल्यावर कुणीतरी विचारलं, "मुलगा कोण?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. माझे बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला पुढे केलं.

"हा," ते म्हणाले. "त्यायचा हाच एक."