पडदा फुटलेला लॅपटॉप

आर्वीच्या एसटी स्थानकावर शेजारी बसलेल्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. त्या संत्रं खात होत्या आणि बिया पदराच्या टोकात गोळा करत होत्या. माझा लॅपटॉप पडून पडदा फुटला होता आणि आतली ऑपरेटिंग सिस्टीमही सुरू होत नव्हती. आत वर्षभराच्या मुलाखती होत्या. दुसरी प्रत नव्हती. पडद्यावाचूनही नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकता येते, अशा तोऱ्यात मी पेनड्राइव्ह लावला. लॅपटॉपमधून एका बाईचा आवाज प्रत्येक पायरी इंग्रजीत वाचून दाखवू लागला. मला सगळं ठाऊक असल्यासारखा मी तो अर्ध्यावर तोडून एंटर दाबत होतो.

बाईंनी माझं मनगट धरलं. "थांबा ना भाऊ. कवाची बोलून राह्यली बिचारी. तिले पुरं बोलू तं द्या."

मी ऐकलं. डिस्कवरचं सगळं कायमचं पुसायचं का, अशी विचारणा होती. मी 'नाही' निवडलं आणि घाम पुसत बाईंना ते सांगितलं.

"काय होतं त्याच्यात?"

"मुलाखती. लोकांचं ऐकून घेणं हेच माझं काम आहे."

त्यांनी संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली. "अन् लोकं बोलतेत तुमच्यापाशी?"