क्वीनीची शिकवणी

घागरा घालून बसमध्ये चढणारा बेने इस्राएली माणूस कॅनडातल्या अख्ख्या स्कारबरोत एकच होता, सेसिल झिराडकर. घागरा म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "किल्ट म्हण," असं तो बजावायचा. त्याची बायको क्वीनी घागराच म्हणायची, आणि त्याला इस्त्रीही तीच करायची, त्यामुळे वाद फार लांबत नसे.

सेसिल मूळचा रेवदंड्याकडचा. अठराव्या वर्षी बेळगावला पलटणीत भरती झाला, तर तिथल्या प्रतापराव हवालदारांनी त्याची छाती बघून हातात बंदुकीऐवजी बॅगपाइप दिला. पुढे कॅनडात येऊन त्याने तीस वर्षं बस दुरुस्त केल्या, पण बॅगपाइप काही सुटला नाही. सुटणार कसा? पदवीदान असो, पोलिसांची परेड असो, कुठल्या पुढाऱ्याची मिरवणूक असो, पुढे कोणीतरी स्कॉटिश धून वाजवत चालल्याशिवाय या देशाला समारंभ झाल्यासारखं वाटतच नाही. खरे स्कॉट तोवर म्हातारे होऊन गुडघ्यांनी बसले होते. मग बोलवा सेसिलला! स्कॉटलंडमधला कुठला भाग तुमचा, असं लोक विचारायचे. सेसिल सांगायचा, "रेवदंडा." लोक समजल्यासारखी मान हलवायचे.

त्याचा सगळ्यात मोठा मान मात्र अकरा नोव्हेंबरचा. युद्धात गेलेल्यांच्या स्मारकापाशी दोन मिनिटं शांतता पाळतात, आणि मग एकटा पाइपर एक धून वाजवतो. फार जुन्या लढाईत कामी आलेल्या स्कॉट पोरांचं ते गाणं. शब्द आता कोणी म्हणत नाही, नुसती धून. तिचा नियम कडक आहे. ती फक्त मेलेल्यांसाठी. ना लग्नात, ना मैफलीत, ना कोणी हौसेने मागितली म्हणून. रियाजसुद्धा एकट्याने, कुणाच्या कानावर पडणार नाही अशा जागी. प्रतापरावांनी हे सेसिलला कानाला धरून शिकवलं होतं, अक्षरशः. म्हणून तो बाराही महिने तळ्याकाठच्या कड्यांवर जाऊन, वाऱ्याकडे तोंड करून ती वाजवायचा.

आणि म्हणूनच क्वीनीने ती कधी ऐकली नव्हती. चौतीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही! अकरा नोव्हेंबरला ऑन्टारिओत सुट्टी नसते, आणि ती हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात ती रिटायर झाली. यंदा पहिल्या रांगेत बसणार, असं तिने फोन करकरून सगळ्यांना सांगितलं. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट बघितले आणि नोव्हेंबर कठीण आहे म्हणाले.

"मग आत्ताच वाजव," क्वीनी म्हणाली.

"नाही वाजवता येत. तू जिवंत आहेस."

"बरं, मग माझ्या मातीला वाजव. तेवढं तरी ऐकेन."

सेसिलने हज्जान नाथनभाऊंना फोन केला. प्रार्थना, लग्नं, मर्तिकं सगळं तेच बघायचे. नाथनभाऊ गडबडले. "सेसिल, अरे मयतीला बाजा? आपल्यात कधी झालंय का असं?" झालं नव्हतं, हे सेसिललाही ठाऊक होतं. आता घ्या! जिवंतपणी वाजवायची नाही हा स्कॉट लोकांचा नियम, मेल्यावर वाजवायची नाही हा आपला, आणि दोन्ही नियम पाळणारा गाढव एकच. शेकडो परक्या माणसांच्या मयतीला हा वाजवून आला होता. स्वतःच्या बायकोची पाळी आली तर हात बांधलेले.

"डॅड, जस्ट प्ले इट फॉर हर!" मुलगी, अबिगेल, फोनवर रडत ओरडली. सेसिलच्या बँडचा प्रमुख ॲलिस्टर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा, तोही म्हणाला, वाजवून टाक, कोण बघतंय? सेसिलला धक्काच बसला. ग्लासगोच्या माणसाने असं बोलावं? त्याचा चेहरा बघून ॲलिस्टरने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "शिकवायला चालते. शिष्याला ऐकवल्याशिवाय शिष्य शिकणार कसा?"

सेसिल घरी आला. "क्वीनी, तुला बॅगपाइप शिकायचाय?"

"इश्श! दोन जिने चढले तर धाप लागते मला."

"शिकायचाय की नाही ते सांग."

"शिकायचाय, मास्तर," क्वीनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिकवणी सुरू झाली. सेसिल पूर्ण पोशाखात बॅकयार्डात उभा, क्वीनी उघड्या खिडकीशी पलंगावर. फुंकायला दम नव्हता, म्हणून नुसती बोटं बसवायची ठरली. हातात पाइपच्या नळीऐवजी लाटणं. सेसिलने धून वाजवली. पहिल्यांदाच ती त्याच्या स्वतःच्या माणसासाठी वाजत होती. क्वीनीचे डोळे भरून वाहत होते.

"आली?" सेसिलने मास्तरासारखं विचारलं.

"काही डोक्यात शिरलं नाही," क्वीनी म्हणाली. "परत."

त्याने परत वाजवली. असं रोज चाललं, रोज क्वीनीचं नवं निमित्त. दुसरी ओळ सांग, ते बोट कुठे उचललंस, आज झोप लागली होती, परत. शेजाऱ्यांनी आधी खिडक्या लावल्या, मग उघडल्या.

ऑक्टोबर निम्मा झाला. क्वीनी आता उठून बसत नव्हती. एका दुपारी सेसिल पाइप काखेत धरून खिडकीशी आला, तर ती म्हणाली, "थांब. आज मी."

तिने लाटणं छातीवर धरलं आणि बोटं हलवायला लागली. आवाज काहीच नाही. सेसिल बोटं बघत होता. पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. जे बोट नखभर उशिरा उचलायचं ॲलिस्टरच्या बँडमधल्या पोरांना दोन वर्षांत जमलं नव्हतं, तेही बरोबर. शेवटपर्यंत गेली आणि तिने लाटणं पांघरुणावर ठेवलं.

"आली मला," ती म्हणाली. "संपली शिकवणी."

सेसिलने लाटणं उचलून परत तिच्या हातात दिलं.

"चुकलीस," तो म्हणाला. "दुसऱ्या ओळीत. ढोबळ चूक आहे. उद्या पहिल्यापासून घ्यावं लागेल."

क्वीनीने त्याच्याकडे बघितलं. चौतीस वर्षांत हा माणूस सुरांच्या बाबतीत कधी खोटं बोलला नव्हता.

"किती वाजता?" तिने विचारलं.