तुमाले नाई भेटत

गिऱ्हाइकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा दिसला की ते कचोऱ्यांच्या परातीवर सरळ आपला पंजा ठेवायचे.

"तुमाले नाई भेटत," म्हणायचे. "मटकी हाय. बसा."

गिऱ्हाईक चक्रावून जायचं. पैसे देऊन कचोरी मागतोय आणि हॉटेलवालाच नाही म्हणतोय, असं कुणी पाहिलेलं नसतं.

तो कापसाचा बोळा मी लावलेला असायचा. लोणारला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे, आणि तिला लागूनच त्यांचं हॉटेल होतं. शुगर तपासायला माणूस उपाशीपोटी येतो. रक्त घेऊन झालं की त्याला सांगायचं, आता काहीतरी खाऊन बरोबर दोन तासांनी परत या. काहीतरी म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं. शेजारी जायचं, दोन कचोऱ्या, वर जिलबी आणि गोडमिट्ट चहा. दोन तासांनी आलेला आकडा पाहून तोच माणूस मला विचारायचा, "ताई, तुमची मशीन बरोबर हाय ना?"

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. साठीच्या आसपासचे, ठेंगणे, तेलाच्या वाफेनं भुवया विरळ झालेले. खांद्यावर पंचा, आणि तो पंचा इतका स्वच्छ की हॉटेलातला वाटायचा नाही.

आधी ते असे नव्हते. आधी त्यांच्या कढईला सकाळी सहापासून उसंत नसायची. सुलतानपूरहून बाजाराला येणारे लोक, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, सरोवर पाहून धापा टाकत वर आलेले पाहुणे, सगळे तिथंच. काका तळायचे आणि त्यांचे मोठे भाऊ गल्ल्यावर बसायचे. या भावांचं आपसात फारसं बोलणं मी कधी ऐकलं नाही, पण सकाळच्या जिलबीची पहिली प्लेट काका गल्ल्यावर नेऊन ठेवायचे. मोठे काका डोळे मिटून खायचे. गोड खाताना माणसाचा चेहरा किती लहान होतो, ते मी त्यांच्याकडे बघून शिकले.

मग एकदा मोठ्या काकांच्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागला. महिना झाला तरी जखम ओली. तेव्हा कुठं ते माझ्याकडे आले. आकडा पाहून मीच दोनदा तपासणी केली. जालन्याला नेलं. आधी अंगठा गेला, आणि दोन महिन्यांनी गुडघ्याखालून पाय.

तिकडून परत आल्यावर काका माझ्या लॅबच्या बाकावर येऊन बसले. पेशंट नव्हता.

"ताई, ते पयली प्लेट म्या रोज देत होतो. आपल्या हातानं."

"काका, तुम्हाला काय माहीत होतं?"

"मले नाई तं कोनाले माईत पायजे होतं? साखरेचा पाक तं म्याच करतो."

दुसऱ्या दिवशी जिलबीची कढई उतरली. कचोरी एकदम बंद करणं परवडणारं नव्हतं, ती राहिली. पण तिच्या शेजारी एक भगुणं आलं, मटकीचं. पहिल्या दिवशी मटकी शिजून पिठलं झाली होती. कुणी हात लावला नाही. काकांनी एकट्यानं ती दोन दिवस खाल्ली.

माझ्या भिंतीवर मधुमेह्यांनी काय खावं याचा एक छापील तक्ता होता. काका चष्मा लावून त्याच्यासमोर उभे राहिले.

"ब्रोकोली म्हंजे काय हो, ताई?"

"कोबीसारखं असतं काहीतरी. मीही खाल्लेलं नाही."

"मंग भिंतीवर काऊन लावलं? आपल्या बाजारात भेटते ते सांगा."

मग आम्ही दोघांनी बसून जुन्या रिपोर्टच्या पाठीवर दुसरी यादी केली. मोड आलेली मटकी, वर कच्चा कांदा आणि लिंबू. फुटाणे. भाजलेले शेंगदाणे, पण मूठभरच. ज्वारीच्या लाह्या. तव्यावरचं मुगाचं धिरडं, तेल नुसतं फडक्यानं पुसण्यापुरतं. काकडी, पेरू, पातळ ताक. चहा लहान कपात, बिनसाखरेचा. ही यादी त्यांनी खडूनं हॉटेलच्या पाटीवर लिहिली आणि खाली ठळक लिहिलं, "चाऊन खाने."

घाईघाईत खाणाऱ्याच्या टेबलाशी ते जाऊन उभे राहायचे. "चाऊन खा बापा, बस काई सुटून नाई राह्यली." एकदा एकाची मेहकरची बस खरंच सुटली. काकांनी त्याला पुढची बस येईपर्यंत आपल्या शेजारी बसवून ताक पाजलं.

मलाही सोडलं नाही. अकरा वाजता चहात पाच बिस्किटं बुडवून खायची माझी पंधरा वर्षांची सवय. त्यांनी दाराशी उभं राहून मोजली. "लोकायचं रक्त पायता, अन् सोता हे खाता?" त्या दिवसापासून अकरा वाजता माझ्या टेबलावर वाटीभर मटकी यायला लागली. पहिले आठ दिवस मला राग आला. नंतर अकराला भूक लागायला लागली.

गिऱ्हाईक मात्र तुटत गेलं. "ते आजाऱ्याचं हॉटेल," लोक म्हणायला लागले. समोरच्या टपरीनं लगेच जिलबी सुरू केली. आमच्या गल्लीतले एक रिटायर गुरुजी, शुगर अडीचशे, कापूस खिशात टाकून कचोरी मागायला गेले. काकांनी त्यांची बाही वर सारली आणि सुईचा ठिपका शोधून काढला.

"गुरुजी, पोरायले खोटं बोलू नोका म्हनून शिकवलं ना तुमी?"

गुरुजी रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेले आणि काकांकडे तोंड करून उभ्या उभ्या जिलबी खाल्ली. काका बघत राहिले. त्यांचा हात त्यांच्याच परातीपुरता होता.

तुम्ही म्हणाल, हट्टी माणूस. मीही तेच म्हणायचे. पण हा सगळा हट्ट ज्याच्यासाठी चालला होता, तो माणूस हॉटेलच्या दारात खुर्चीवर बसलेला असायचा. पाय गेल्यावर मोठे काका गल्ल्यावर चढू शकत नव्हते. दिवसभर दारात बसायचे आणि समोरून जिलबीचा वास यायचा.

"लाहान्या, एक आन बे तिकून."

"नाई भेटत, दादा."

"अर्धी."

"मटकी देऊ?"

सुरुवातीला गिऱ्हाइकं हसायची. मोठे काकाही हसायचे. मग त्यांनी हसणं सोडलं. सत्तरीचा माणूस भर दुपारी, चार लोकांसमोर, धाकट्या भावाचा पंचा धरून म्हणत होता, "माह्या जवळ आता काय राह्यलं बे? पाय नेला, आता जिभीले तं कुलूप नोको लावू." काकांनी पंचा सोडवून घेतला, आत गेले आणि उगाचच स्वच्छ भगुणी घासत बसले.

एकदा मोठ्या काकांनी मला गाठलं. मी कुलूप लावत होते.

"ताई, तुमचं आयकते तो. तुमी सांगा त्याले. एक तुकडा."

मी म्हणाले, "आकडा थोडा उतरू द्या, मग बघू."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी किल्ली पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. आकडा उतरायचा नव्हता. त्यांची किडनी जात चालली होती आणि ते मला रिपोर्टात दिसत होतं. त्या दिवसानंतर मोठे काका भावाशी बोलेनासे झाले. ताट समोर आलं की खायचे. शब्द नाही. सहा महिने.

जालन्याच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, आता घरी न्या, जे मागतील ते द्या.

काका दुपारी परतले. कुणाशी न बोलता त्यांनी माळ्यावरची जिलबीची कढई काढली. मैदा भिजवलेला नव्हता, म्हणून समोरच्या टपरीवाल्याकडून पीठ मागून आणलं. त्यानं बिचाऱ्यानं भरून दिलं. पाक केला. पहिला घाणा निघाला तेव्हा मी दारात होते. त्यांनी पितळी प्लेटमध्ये चार जिलब्या मांडल्या आणि घराकडे निघाले. घर दोनच गल्ल्या पलीकडे. त्यांनी मला या म्हटलं नाही, पण मी मागोमाग गेले.

मोठे काका खाटेवर डोळे उघडे ठेवून पडले होते. काकांनी एक तुकडा मोडून ओठाशी नेला.

"दादा, घे. गरम हाय."

त्यांनी तोंड उघडलं. तुकडा जिभेवर काही वेळ राहिला. मग ओठाच्या कोपऱ्यातून पाक खाली आला आणि तुकडाही.

"गोड नाई लागत रे," ते म्हणाले. सहा महिन्यांतलं पहिलं वाक्य.

काकांनी दुसरा तुकडा मोडला. तिसरा. "आता लागन. आता पाय." मोठ्या काकांनी नुसती मान हलवली. शेवटी वहिनींनी, म्हणजे मोठ्या काकांच्या बायकोनं, काकांच्या हातातली प्लेट काढून घेतली. तिसऱ्या दिवशी मोठे काका गेले.

तेरवी झाल्यावर काका पुन्हा माझ्या बाकावर येऊन बसले.

"ताई, एक इचारू? खरं सांगजा."

"विचारा."

"त्या दिवशी तो म्हने, एक तुकडा. सहा महिन्याआंधी. तेव्हा म्या देला असता, तं शुगर किती वाढली असती?"

माझं सगळं आयुष्य आकडे सांगण्यात गेलं. याचंही उत्तर मला ठाऊक होतं. एका तुकड्यानं त्या शरीराचं काही बिघडणार नव्हतं, आणि नाही दिला म्हणून काही सुधारलंही नाही. पण हे त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? खूप वाढली असती, असंही सांगता येईना. इतकं खोटं बोलायला मला जमत नाही.

"सांगता येत नाही, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. "हाव," म्हणाले आणि उठले.

त्यानंतर चारेक महिने हॉटेल चाललं, म्हणजे नुसतं उघडं राहिलं. मागेल त्याला मागेल ते देत होते. गुरुजींना दोन कचोऱ्या बांधून दिलेल्या मी स्वतः पाहिल्या. पुडी हातात आल्यावर गुरुजीच क्षणभर घुटमळले. कुणीतरी हात धरील म्हणून थांबावं, तसे. मग गेले.

काकांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी संग्रामपूरकडे दिलेली. ती म्हणाली, इथं एकटं राहू नका, आणि काका तयार झाले. जायच्या दिवशी सकाळी सातला ते लॅबमध्ये आले आणि शर्टाची बाही वर करून हात टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचं रक्त कधी तपासलं नव्हतं.

"काही खाल्लं नाही ना?"

"नाई."

मी रक्त घेतलं. दुपारी रिपोर्ट घ्यायला या म्हटलं. दुपारी हॉटेलला कुलूप होतं. अकराच्या बसनं ते गेले होते.

आकडा चांगला नव्हता. थोडा नाही, बराच वर होता.

मी संध्याकाळी फोन केला. माझा आवाज ओळखल्याबरोबर ते म्हणाले, "ताई, आकडा नोका सांगू." फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. चौथ्यांदा मुलीनं उचलला. मी तिला म्हणाले की वडिलांची शुगर वाढलेली आहे, डॉक्टरांना दाखवा, गोळ्या सुरू करायला लागतील, थांबू नका.

"मी सांगीन त्यायले," ती म्हणाली. "आता बाबा वावरात गेले, ताई."

तिच्या मागून, अगदी जवळून, त्यांचा दबका आवाज आला.

"ठेव. ठेव फोन."