गळाला बांधलेले केस
"बाल दो, बर्तन लो" अशी हाक आज नवागामच्या गल्लीत आली नि जुनी लाज वर आली. बऱ्याच वर्षांमागं एकदा कापड विणायच्या लूमला सुट्टी होती, मी ओट्यावर गळाला खोटा मासा बांधत होतो. लूमखाली साचलेला सुताचा पांढरा भुरका मेणाच्या दोऱ्यावर वळून त्याचं पोट केलं. पाठीसाठी बायकोनं विंचरून पिशवीत जमवलेले केस घेतले, जमेना म्हणून सगळेच नासवले. तेवढ्यात भांडीवाली आली. बायकोनं पातेलं निवडलं नि पिशवी उघडली, तर रिकामी. शेजारणी बघत होत्या. तिला माझ्या हातातला गळ दिसला. "उंदरांनी नेले गं बाई, लई माजलेत," म्हणत तिनं हसून पातेलं परत ठेवलं. मी गळ पाठीमागं लपवला. संध्याकाळी तापीत मासा लागला, तो तिच्याच पुढ्यात टाकला, चिर म्हणून. आता मासे मीच चिरतो, पण बघायला ती नाही.